शंभर चौरस मैल आणि त्यावरची माणसं

अमेरिकेची राजधानी कुठल्याच राज्यात का नाही, याचं मूळ थकलेल्या पगारात आहे.

जून १७८३. इंग्लंडविरुद्धचं युद्ध संपत आलेलं, तिजोरीत खडखडाट. फिलाडेल्फियात काँग्रेस जिथे भरायची त्या इमारतीला शेकडो सैनिकांनी वेढा घातला. आमचे पैसे द्या, एवढीच मागणी. काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया राज्याकडे नागरी फौज मागितली, राज्याने नकार दिला. घरमालकाने हात वर केल्यावर भाडेकरूने गाशा गुंडाळावा, तसं देशाचं सरकार शेजारच्या न्यू जर्सीत निघून गेलं.

ही नाचक्की राज्यघटना लिहिणाऱ्यांच्या डोक्यात ताजी होती. १७८७च्या घटनेत त्यांनी तरतूद केली : राज्यांनी जास्तीत जास्त दहा मैल लांब, दहा मैल रुंद असा तुकडा द्यावा आणि तिथे फक्त काँग्रेसचा अधिकार चालावा. मेरीलँडने १७८८मध्ये आणि व्हर्जिनियाने १७८९मध्ये तयारी दाखवली.

इथे एक बारकावा आहे. जमीन देणं वेगळं आणि हद्द देणं वेगळं. सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, कायदा कुणाचा, कोर्ट कुणाचं, मत कुठे द्यायचं, हे हद्द ठरवते. दोन्ही राज्यांनी लिहून ठेवलं की लोकांची खासगी मालमत्ता लोकांचीच राहील. १७९१मध्ये सर्वेक्षक अँड्र्यू एलिकट यांनी मोजणी सुरू केली. सुरुवातीला त्यांच्या सोबतीला बेंजामिन बॅनेकर हा स्वतःच्या बळावर खगोलशास्त्र शिकलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस होता. पुढे दर मैलाला एक असे ४० दगड बसवले गेले, त्यातले बहुतेक आजही जागेवर आहेत.

१८००च्या निवडणुकीत इथल्या मतदारांनी आपापल्या जुन्या राज्यात मतदान केलं. फेब्रुवारी १८०१मध्ये काँग्रेसने कारभार हाती घेणारा कायदा केला आणि हे लोक कुठल्याच राज्याचे उरले नाहीत. संसद आणि राष्ट्राध्यक्ष दोन्ही राज्यांमार्फत निवडले जायचे, त्यामुळे मतही गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा मायग्रेट झाला, पर्मिशन्स झाल्या नाहीत. जेम्स मॅडिसन यांनी आधी दिलासा दिला होता की राज्यं देतानाच रहिवाशांच्या हक्कांची काळजी घेतील. घेतली नाही. मला हा कट वाटत नाही. सरकार सुरक्षित करायच्या नादात माणसांचा विचार राहून गेला, आणि तो दुरुस्त करण्याची निकड पुढे कुणाला वाटली नाही.

नदीपलीकडच्या अलेक्झांड्रियाने मात्र १८४६मध्ये परतीची वाट धरली. ७६३ विरुद्ध २२२ मतांनी तिथल्या लोकांनी व्हर्जिनियात जायचं ठरवलं. सरकारी इमारती सगळ्या मेरीलँडच्या बाजूला, बंदर मागे पडत चाललेलं, मताचा हक्क नाही : तक्रारी खऱ्या होत्या. पण अलेक्झांड्रिया हा गुलामांच्या व्यापाराचा मोठा अड्डाही होता आणि काँग्रेस राजधानीत तो व्यापार बंद करेल ही धास्ती होती. मतदान फक्त गोऱ्या पुरुषांनी केलं. १८५०मध्ये राजधानीत तो व्यापार खरंच बंद झाला. एप्रिल १८६२मध्ये काँग्रेसने तिथली गुलामगिरीच संपवली, सुमारे तीन हजार माणसं सुटली. तो कायदा पोटोमॅक नदीच्या काठाशी थांबला. ज्या एकहाती अधिकाराने मत काढून घेतलं होतं, त्यानेच ही सुटका केली. म्हणून या गोष्टीत सरळ बाजू घेता येत नाही.

राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क १९६१च्या घटनादुरुस्तीने मिळाला. महापौर आणि नगर परिषद निवडण्याची मुभा १९७३च्या कायद्याने. तरी काँग्रेस शहराचा कायदा रद्द करू शकते, २०२३मध्ये केलाही. २०२०च्या जनगणनेत इथे ६,८९,५४५ लोक होते, वायोमिंग राज्यापेक्षा लाखभर जास्त. वायोमिंगचे दोन सिनेटर आहेत. इथला एकही नाही. कनिष्ठ सभागृहात एक प्रतिनिधी बसतो, त्याला अंतिम मतदानात मत नाही.

६ जानेवारी २०२१ला जमावाने कॅपिटॉल फोडलं, तेव्हा महापौर म्युरिएल बाउझर यांना शहराचं नॅशनल गार्ड स्वतःच्या हुकमाने पाठवता आलं नाही. राज्यात तो अधिकार गव्हर्नरकडे असतो, इथे राष्ट्राध्यक्षांकडे. गार्डचे जवान कॅपिटॉलवर पोचले ते संध्याकाळी पाचनंतर. त्याआधी मदतीला आलेल्यांत मेरीलँड आणि व्हर्जिनियाचे पोलीस होते. त्यात आर्लिंग्टनचेही होते, म्हणजे १८४६मध्ये परत गेलेल्या जमिनीवरचे.