कुस्तीच्या फडातील दुय्यम मल्ल आणि प्रेक्षकांची स्मृती

महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास आजवर जो लिहिला गेला, तो बहुतांशी विजेत्यांचा इतिहास आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात उभे राहिलेले व १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान, १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद, १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे, त्यांच्या मागोमाग १९६० मध्ये गणपतराव आंदळकर व १९६४ मध्ये मारुती माने, आणि १९६१ चे पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी, अशा टप्प्यांनी हा इतिहास सांगितला जातो. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. कारण फड केवळ पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीने उभा राहत नाही. त्या एका कुस्तीपूर्वी दुपारपासून दिवस कलेपर्यंत ज्या अनेक जोडी लागतात, त्या लढणाऱ्या मल्लांची नोंद कोठेच होत नाही. ती असते प्रेक्षकांच्या स्मृतीत. त्या स्मृतीचे इतिहासाचे साधन म्हणून मोल काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर तालुक्यातले करकंब हे मोठे बाजारगाव. अशा गावांच्या यात्रांमधूनच मातीतील कुस्ती जगली. दरबारी आश्रयाची कुस्ती व यात्रेची कुस्ती या दोन प्रवाहांत भेद करणे आवश्यक आहे. दरबारी आश्रयाची परंपरा फार जुनी आहे. ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात सोलापूरचा मुलूख मोडत होता, त्यांतील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात वय, शरीरमान व बळ यांनुसार मल्लांचे वर्ग सांगितले आहेत. म्हणजे मल्लांची उतरंड ही काही अलीकडची गोष्ट नव्हे. १९४८-४९ मध्ये दक्षिणेतील संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि दरबारी आश्रय संपला. त्यानंतर मोठ्या मल्लांचा भार काही अंशी लोकवर्गणीने व सहकारी साखर कारखान्यांनी उचलला. लहान मल्ल मात्र पूर्वीही यात्रेवरच अवलंबून होता आणि पुढेही राहिला.

यात्रेच्या फडाची रचना पाहिली म्हणजे ही उतरंड स्पष्ट होते. हलगीच्या कडकडाटात मैदानाचे पूजन होते आणि आरंभी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. त्यानंतर नारळावरच्या, मग रुपया-दोन रुपयांपासून चढत जाणाऱ्या इनामाच्या. काही जोडी आधी नेमलेल्या असतात, तर पुष्कळशा ऐनवेळी मैदानातच जमविल्या जातात. पंच दोघांना शेजारी उभे करून अंगलट पाहतात, हात मिळवितात आणि माती लावायला सांगतात. शेवटी, उन्हे उतरल्यावर, एक नंबरची कुस्ती. मोठ्या मल्लाचे नाव हस्तपत्रिकेवर ठळक अक्षरांत असते. ऐनवेळी जमविलेल्या जोडीतील मल्लाचे नाव पुकारा करणाऱ्याच्या तोंडून एकदा उच्चारले जाते आणि हवेत विरते. लेखी साधनांच्या दृष्टीने त्याचे अस्तित्व तेवढेच.

असे असूनही जुन्या प्रेक्षकांशी बोलताना एक विलक्षण गोष्ट प्रत्ययास येते. मोठ्या कुस्तीची आठवण बहुधा निकालापुरती राहते; लहान कुस्त्यांची आठवण मात्र तपशिलाची असते. अमक्या गावचा मल्ल ढाक कसा मारी, तमका खाली गेला तरी घिस्स्यावर कसा उलटे, एखादा शड्डू ठोकण्यापूर्वी मातीला हात लावून कोणत्या बाजूस वळे, हे अर्धशतकानंतरही सांगितले जाते. याची कारणे शोधली पाहिजेत.

पहिले कारण आपलेपणाचे. एक नंबरचा मल्ल कोल्हापूर, सांगली, पुणे किंवा थेट पंजाबातून आलेला असे. तो पाहण्याचा विषय होता. दुय्यम मल्ल हा शेजारच्या गावचा, नात्यातला, बाजारात भेटणारा. त्याच्या हारजितीत गावाची अब्रू गुंतलेली असे. दुसरे कारण कुस्तीच्या स्वरूपातच आहे. तुल्यबळ नामांकितांची कुस्ती पुष्कळदा खडाखडीत रेंगाळे आणि अखेर बरोबरीत सोडविली जाई. दोघांचेही नाव पणाला लागलेले असल्यामुळे कोणीच धाडस करीत नसे. लहान मल्लापाशी राखण्याजोगे नाव नव्हते. तो डाव टाकी, फसे, पुन्हा टाकी. त्यामुळे चितपट, निकाली कुस्ती पाहण्याचे समाधान प्रेक्षकाला खालच्या जोडींतच अधिक मिळे. तिसरे कारण विश्वासाचे. संगनमताने लढलेल्या कुस्तीला मराठीत ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, आणि हा संशय इनामाच्या रकमेबरोबर वाढतो. नारळासाठी लढणाऱ्यावर तो कोण घेणार?

येथे बाहेरच्या जगाशी तुलना उद्बोधक ठरते. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या आरंभकाळापासून, तसेच ब्रिटनमध्ये १९५५ ते १९८८ पर्यंत, धंदेवाईक कुस्तीचे खेळ नियमाने दाखविले गेले. त्यांतही नायकांना मोठे करण्यासाठी हरणारे दुय्यम खेळाडू ठेवलेले असत, आणि तेथील जुने प्रेक्षकही या हरणाऱ्यांची आठवण जिव्हाळ्याने काढतात. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये किंग काँग व दारासिंग यांच्या ‘फ्री-स्टाइल’ लढतींनी याच प्रकाराची ओळख महाराष्ट्राला करून दिली. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९९० नंतरच्या दशकात उपग्रह वाहिन्यांवरून अमेरिकी कुस्ती खेडोपाडी पोहोचली व तिच्या मल्लांची चित्रे असलेले पत्ते मुलांच्या हातांत आले. दोन्ही ठिकाणी खालच्या मल्लाविषयी प्रेक्षकाला माया वाटते, हे साम्य खरे. परंतु भेद अधिक महत्त्वाचा आहे. तेथे पराभव हा नेमून दिलेल्या कामाचा भाग होता व त्याचा मोबदला मिळे. फडातील मल्लाचा पराभव खरा होता व त्याला बहुधा काहीच मिळत नसे. तेथील आठवण नटाची आठवण आहे. येथील आठवण श्रमाची आहे.

दुय्यमपण म्हणजे कमी गुणवत्ता, असे समीकरणही तपासून घेतले पाहिजे. मातीच्या फडात क्रमांक ठरविताना देहाचे आकारमान मोठे काम करते. आजही महाराष्ट्र केसरी किताबाची लढत ८६ ते १२५ किलो वजनाच्या खुल्या गटातच होते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते ५७ किलोपर्यंतच्या वजनगटात. इतक्या वजनाच्या मल्लाला यात्रेच्या फडात एक नंबरची कुस्ती मिळणे दुरापास्तच. वजनाचा काटा नसता, तर जगातील तिसऱ्या क्रमांकाचा हा मल्ल फडाच्या मधल्या जोडींतच मोजला गेला असता. यावरून खालच्या जोडींत किती गुणवंत अनामिक राहिले असतील, याचा अंदाज करता येतो. जाणकार प्रेक्षकाने त्यांचे डाव लक्षात ठेवले, हा त्या गुणवत्तेला मिळालेला एकमेव न्याय होय.

या मल्लांचे जीवन कष्टाचे होते. चैत्र-वैशाखातील यात्रांचा हंगाम धरून ते गावोगावचे फड करीत. पावसाळा आला की शेतावर परतत. पहाटेचे जोर-बैठका व मेहनत चुकत नसे, पण दूध, तूप, बदाम यांचा खुराक घरच्या ऐपतीवर ठरे. १९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्यात माणसांच्या अन्नाचाच प्रश्न उभा केला, तेथे तालमीच्या खुराकाची काय कथा! बाप लढला तो नारळावर, आणि त्याच्या पोटी मुलगा गदेपर्यंत पोहोचला, असे घडते तेव्हा मुलाचे नाव यादीत येते. बापाची मेहनत यादीत येत नाही. तालमीत मोडलेले कान तेवढे त्याच्यापाशी शिल्लक राहतात. इतिहासकाराने हे कानही दस्तऐवज म्हणून वाचावयास हवेत.

अर्थात् स्मृती हे साधन जपून वापरावयाचे असते. तिच्यात दोन कुस्त्यांची एक होते, इनामाचे आकडे फुगतात, आणि आपल्या गावचा मल्ल कधीच सरळ हरत नाही. तो ‘घोळात’ हरतो. काळाचा निर्देश सनावळीने न होता घटनांनी होतो: कोयनेच्या भूकंपाच्या वर्षी, दुष्काळाच्या आधी, उजनीचे पाणी येण्यापूर्वी. यांपैकी पहिल्याचा काळ ११ डिसेंबर १९६७ असा निश्चित आहे. उजनी धरणाचे काम १९८० च्या सुमारास पुरे झाले. अशा खुणांच्या आधारे आठवणींचा क्रम बऱ्याच अंशी लावता येतो. तसेच दोन प्रतिस्पर्धी गावांतील आठवणी स्वतंत्रपणे घेऊन ताडून पाहिल्यास अतिशयोक्तीचा भाग गाळता येतो. जेथे दोन्ही गावे एकाच डावाचे नाव घेतात, तेथे तो डाव पडला असे मानावयास हरकत नाही.

स्मृतीचे मौनही लक्षात घेतले पाहिजे. विजयाच्या तुलनेने दुखापतीची आठवण फार कमी सांगितली जाते. मानेला वा गुडघ्याला मार बसून ज्याचा फड कायमचा सुटला, त्याच्याविषयी प्रेक्षक ‘पुढे तो दिसला नाही’ एवढेच म्हणतो. हे वाक्य वरवर साधे आहे. संशोधनाची खरी सुरुवात मात्र तेथूनच झाली पाहिजे.

कुस्तीचे शास्त्र मराठीत दुर्लक्षित नाही. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. काशीच्या आखाड्यांचा मानवशास्त्रीय अभ्यास जोसेफ ऑल्टर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. डाव आणि देह यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. राहिला तो फडाचा सामाजिक इतिहास: कोण कोणत्या क्रमाने लढला, त्याला काय मिळाले, आणि लढणे सुटल्यावर तो काय करीत होता. हे सांगू शकणारी, १९५० ते १९७० च्या काळातील फड डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता ऐंशीच्या आसपास पोहोचली आहे. गदा मिळविणाऱ्यांची नावे पुढेही मिळत राहतील, कारण ती छापलेली आहेत. नारळासाठी लढलेल्यांची नावे काही वृद्धांच्या ओठांवर आहेत. करकंबसारख्या गावच्या पारावर बसून ती आत्ताच लिहून घेतली नाहीत, तर पुढे ती कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत.