सहा फूट मोकळी जमीन

डिसेंबर २००७ मध्ये निन्टेन्डो या क्योटोच्या कंपनीने जपानमध्ये ‘वी फिट’ हा खेळ विक्रीला आणला. त्यासोबत एक पांढरी फळी मिळत असे. आकाराने ती जेवायला बसायच्या पाटाएवढीच, पण चारही कोपऱ्यांत वजन ओळखणारे संवेदक बसवलेले. तिच्यावर उभे राहिले की शरीराचा भार डावीकडे कलतो की उजवीकडे, टाचेवर येतो की चवड्यावर, हे टीव्हीच्या पडद्यावर दिसे. जगभरात या खेळाचे सव्वादोन कोटींच्या वर संच खपले. त्याच्या योगासनांच्या यादीत वृक्षासन आहे, भुजंगासन आहे आणि सूर्यनमस्कारही आहे. फळीवर उभे राहून करायचा असल्याने तिथे तो उभे राहणे, वाकणे, गुडघे दुमडणे एवढ्यावर आक्रसला आहे. पण आधुनिक जगात या व्यायामाचा पहिला मोठा प्रचारक शोधू गेले, तर आपण साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात येऊन पोहोचतो. औंधमधून निघालेला व्यायाम शंभर वर्षांच्या आत क्योटोच्या फळीवर चढला. असे असताना हालचालीवर चालणारे हे व्यायामाचे खेळ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात, जिथे घरच्या घरी व्यायामाची गरज लाखो माणसांना आहे, रुजले का नाहीत? आवड नव्हती किंवा पैसा नव्हता ही दोन उत्तरे चटकन सुचतात. मला दोन्ही अपुरी वाटतात. घरातला व्यायाम कुठला टिकेल हे प्रामुख्याने घरातली रिकामी जमीन ठरवते, आणि या तीन शहरांचा इतिहास मुळात त्या जमिनीच्या टंचाईचा इतिहास आहे.

महाराष्ट्रात व्यायाम ही घराबाहेर जाऊन करायची गोष्ट होती. तालीम, तांबडी माती, वस्तादाची नजर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे आयुष्य दिले, तेही आखाड्यातच. विसाव्या शतकात ज्या संस्था निघाल्या, त्यांचीही घडण तशीच: १९१४ चे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी पुण्यात काढलेले महाराष्ट्रीय मंडळ, १९२५ चे दादरचे समर्थ व्यायाम मंदिर. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची वाट यांहून निराळी. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या जर्मन पहिलवानाची पुस्तके आणि साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. मग ते सगळे बाजूला ठेवून सूर्यनमस्कार धरला. संस्थानातल्या शाळांत तो सक्तीचा केला, १९२८ च्या सुमारास त्यावर पुस्तक लिहिले आणि १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाखाली त्याची इंग्रजी आवृत्ती लंडनला निघाली. त्यांच्या मांडणीत दोन गोष्टींवर भर होता. साधन काही लागत नाही, आणि माणूस आडवा मावेल एवढी जमीन पुरते. म्हणूनच बाईला उंबरा न ओलांडता हा व्यायाम करता येतो. तालमीत तिला प्रवेशच नव्हता, त्यामुळे ही सोय बारीकसारीक नव्हती. माझ्या मते राजेसाहेबांचे खरे काम इथे आहे. नमस्कार जुनाच होता, समर्थ रामदास रोज बाराशे घालत असे परंपरा सांगते. त्याला घरात आणून छापील पानावरून शिकण्याजोगे केले ते बाळासाहेबांनी. योगायोग असा की १९२८ मध्येच जपानच्या आकाशवाणीने सकाळच्या कवायतीचे प्रसारण सुरू केले. पुढे ज्या देशातून ‘वी फिट’ची फळी विकली गेली, तिथे घरात आवाज ऐकून हातपाय हलवण्याची सवय अशी तीन पिढ्यांची आहे.

मात्र व्यायाम घरात आला तेव्हा वस्ताद बाहेर राहिला. पुस्तकातला फोटो हुकूम देतो, पण गुडघा वाकतोय हे त्याला दिसत नाही. रेडिओला दिसत नव्हते, १९८२ मध्ये गाजलेल्या जेन फोंडाच्या व्हिडिओ कॅसेटला नाही आणि पुढे पहाटेच्या ‘आस्था’ वाहिनीवरच्या रामदेवबाबांनाही समोरच्या घरातला माणूस पोट खरेच आत ओढतोय की नुसता बघतोय हे कळायची सोय नव्हती. हालचाल ओळखणारे खेळ आले तेव्हा, ऐंशी वर्षांनी, घरातल्या व्यायामाला पुन्हा बघणारा डोळा मिळाला. ‘वी फिट’ ज्यावर चाले त्या निन्टेन्डोच्या ‘वी’ यंत्राच्या हातातल्या दांडीत त्वरण मोजणारी चिप होती. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेला ‘किनेक्ट’ आणखी पुढे गेला. त्यात हातात काहीच धरायचे नव्हते. टीव्हीपाशी ठेवलेले ते यंत्र खोलीभर अवरक्त किरणांचे ठिपके टाकी, ठिपक्यांची मांडणी कुठे बिघडते त्यावरून अंतर काढी आणि माणसाच्या शरीरातले वीस सांधे क्षणोक्षणी टिपत राही. हात खांद्याच्या वर गेला नाही तर तो मोजला जाईना. वस्तादाला जे दिसते त्यातला बराच भाग यंत्राला दिसू लागला, ही थोर गोष्ट होती, आणि तिला पोरखेळ म्हणून उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते.

पण या डोळ्याला बघायला अंतर लागे. एकट्याने खेळायचे तर यंत्रापासून सहा फूट, दोघांनी खेळायचे तर आठ फूट, अशी कंपनीचीच शिफारस होती. वर दोन्ही बाजूंना हात पसरायला जागा हवी ती वेगळीच. आता उल्हासनगरचा नकाशा समोर धरावा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली, तिच्यात २,१२६ बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे त्याच बराकींत उतरवली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ ही नावे आजही पत्त्यावर लिहिली जातात. सैनिकांच्या लांबलचक दालनात आडपडदे लावून संसार मांडले गेले, मग पडद्यांच्या भिंती झाल्या, भिंतींवर मजले चढले. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेत ५,०६,०९८ माणसे मोजली गेली, म्हणजे चौरस किलोमीटरला ३८ हजारांच्या वर. शेजारच्या अंबरनाथची लोकसंख्या तेव्हा अडीच लाखांवर होती. बदलापूर २००१ मध्ये सुमारे ९८ हजारांचे होते, ते दहा वर्षांत १,७४,२२६ चे झाले. मुंबईत न परवडणारे घर शोधत आलेल्या कुटुंबांनी ही वाढ घडवली आणि त्यांना परवडले ते बहुधा वन आरके किंवा वन बीएचके. त्या घरातली पुढची खोली मनातल्या मनात मोजून पाहावी. एका भिंतीला दिवाण, समोर टीव्ही आणि शोकेस, कोपऱ्यात घडीच्या खुर्च्या, कपाटाचे दार उघडेल एवढी वाट. दिवाण आणि टीव्ही यांच्यामध्ये जी पट्टी उरते, तिच्यावर रात्री अंथरूण पडते. आडवा नमस्कार तिथे मावतो. किनेक्टसाठी मागे सरकावे तर पाय दिवाणाला लागतो.

हे नुसते इथलेच दुखणे असते, तर त्याला स्थानिक अडचण म्हणता आले असते. तसे नव्हते. २०११ मध्ये नायको या अमेरिकी कंपनीने किनेक्टवर चढवायचे भिंगच बाजारात आणले, लागणारे अंतर ४० टक्क्यांपर्यंत कमी करण्याच्या दाव्यासह. म्हणजे अमेरिकेतल्या ऐसपैस दिवाणखान्यांतही जागा अपुरी पडत होती. जपानमध्ये किनेक्ट चालला नाही, आणि त्याच्या कारणांत तिथल्या लहान खोल्यांचा उल्लेख नेहमी होतो. (किनेक्ट ज्याला जोडावा लागे त्या एक्सबॉक्सचा तिथे जम कधीच बसला नव्हता हेही खरे, त्यामुळे सगळा दोष खोलीवर टाकता येणार नाही.) उलट त्याच देशातल्या निन्टेन्डोने फळी काढली, तिच्यावर एका जागी उभे राहायचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ काढला, त्यात हातात एक दाबता येणारे कडे आणि डाव्या मांडीला पट्टा, कॅमेऱ्याचे अंतर नाही. जागच्या जागी धावायचे असते, पण खालच्या मजल्याला धप्‌धप् ऐकू जाऊ नये म्हणून धावण्याऐवजी गुडघे वाकवून खेळायची शांत पद्धतही त्यात ठेवलेली आहे. ज्याने ती योजना केली, त्याला पातळ स्लॅबच्या इमारतीतले जगणे ठाऊक होते. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. तिथल्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर उड्या मारायच्या का, हा प्रश्न शेजारधर्माच्याही पलीकडचा आहे.

आपल्याकडेही हालचालीचा खेळ बनवायचा प्रयत्न झाला. मुंबईच्या ट्राइन गेम्सने सोनीच्या हालचाल ओळखणाऱ्या दांडीसाठी २०१२ मध्ये ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’ बनवला. विषय गल्ली क्रिकेटचा, दांडी हीच बॅट. कल्पना अस्सल आपली, तरी गल्लीतला पुल शॉट घरात मारायचा म्हणजे वर पंखा, बाजूला शोकेसची काच. गल्ली क्रिकेट गल्लीत जन्मले ते घरात जागा नव्हती म्हणूनच, हे विसरून चालणार नाही.

यावर पहिला आक्षेप किमतीचा येईल, आणि तो वजनदार आहे. ही यंत्रे महाग होती, आणि ‘रिंग फिट’ ज्यावर चालतो ते निन्टेन्डोचे स्विच तर भारतात अधिकृतपणे विक्रीला आलेच नाही. हवे त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून ते मिळवायचे. पण नव्वदच्या दशकात याच वस्त्यांमध्ये काडतूस घालून चालणारे स्वस्त नकली टीव्ही गेम घरोघर पोहोचले होते, नंतर मोठे टीव्ही आले, मोटारसायकली आल्या. हौसेसाठी हप्ते फेडणारा हा समाज आहे. वस्तूची किंमत वर्षागणिक उतरते आणि जुना माल बाजारात येतो. जमिनीचे तसे होत नाही. शिवाय ते टीव्ही गेम मांडी घालून बसून खेळायचे होते, आणि ते टिकले. उभे राहून खेळायचे ते टिकले नाहीत, हा फरक किमतीने उलगडत नाही.

दुसरा आक्षेप असा की मैदाने आहेत, जिम आहेत, घरात कशाला? हा आक्षेप घेणाऱ्याने बदलापूरचे वेळापत्रक पाहावे. मुंबई सीएसएमटी तिथून ६८ किलोमीटर, अंबरनाथहून ६०. जाण्यायेण्यात तीन-साडेतीन तास सहज जातात. डबा करून सातच्या आत स्टेशन गाठणारी बाई संध्याकाळी परतल्यावर पुन्हा ओट्याशी उभी राहते. तिला मिळालीच तर पंधरा-वीस मिनिटे मिळतात, आणि ती घरातच. त्यात पावसाळ्याचे चार महिने. राजेसाहेबांनी जी बाई डोळ्यांसमोर ठेवली होती, तिला तेव्हा बाहेर जायला मज्जाव होता. आजच्या बाईला मज्जाव नाही, वेळ नाही. व्यायामाची जागा दोघींची एकच.

तिसरा आक्षेप शास्त्राचा. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवले की ‘वी’वर टेनिस खेळताना बसून खेळण्यापेक्षा जास्त ऊर्जा खर्च होते, पण खरे टेनिस खेळताना होते तेवढी नाही. २०१२ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये टेक्सासच्या संशोधकांचा निष्कर्ष आला की मुलांना असे खेळ घरी नुसते देऊन त्यांची एकूण हालचाल वाढली नाही. दोन्ही निष्कर्ष मान्य करायलाच हवेत. मात्र तुलना कशाशी करायची? मोकळ्या मैदानाशी केली तर खेळ हरतो. दिवाणावर बसून मालिका बघण्याशी केली तर जिंकतो, आणि पंधरा मिनिटे हाताशी असलेल्या माणसापुढे पर्याय तोच असतो. यंत्राच्या मापांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘वी फिट’ उंची-वजनाच्या गुणोत्तरात २२ आदर्श धरतो आणि २५ पर्यंत सामान्य म्हणतो, तर भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये जादा वजनाची रेषा २३ वर आखली. २४ च्या माणसाला यंत्र शाबासकी देते आणि इथला डॉक्टर साखर तपासायला सांगतो.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत लोकल थांबल्या. सगळ्यांसाठी त्या खुल्या झाल्या १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही वेळा ठरवून. महाराष्ट्रातल्या जिम २५ ऑक्टोबर २०२० पर्यंत बंद होत्या. घराबाहेरच्या सगळ्या व्यायामाला एकदमच कुलूप लागले आणि प्रवासाचे तीन तास अनेकांच्या हाती परत आले. किंमत बाजूला ठेवून पाहिले तर हालचालीच्या खेळांना याहून अनुकूल काळ येणे नाही. जगात तसेच झाले, ‘रिंग फिट’चा कित्येक देशांत तुटवडा पडला. आपल्याकडे काय झाले? नवरा लॅपटॉप घेऊन दिवाणावर, मुलगी फोनवर शाळेत, आणि मधली पट्टी आळीपाळीने वापरात. व्यायाम झाला तो भिंतीला टेकवलेल्या मोबाईलसमोर: सूर्यनमस्कार, बैठका, आसने. डोळा नसलेले, पण आडव्या माणसाच्या जागेत मावणारे.

त्यानंतरची साधने या मापाकडे वळताना दिसतात. मुंबईतल्याच ‘यिप्ली’ने पायाच्या हालचालींवर खेळ चालवणारी चटई काढली; ती गुंडाळून दिवाणाखाली जाते. फोनच्या कॅमेऱ्यातून सांधे ओळखणारे सॉफ्टवेअर २०२० पासून सहज उपलब्ध झाले आहे, म्हणजे किनेक्टला जे जमायचे ते आता खिशातल्या वस्तूला जमते. पण आख्खा माणूस चौकटीत यायला फोनही काही पावले लांबच ठेवावा लागतो. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांचे घर ३० चौरस मीटरपर्यंतचे धरलेले होते; त्यात मोरी, संडास, ओटा आणि झोपण्याची जागा काढून किती उरते याचा हिशेब नकाशा आखतानाच करता येतो. बदलापुरात उभ्या राहणाऱ्या नव्या टॉवरांच्या जाहिरातीत तळमजल्यावरची जिम ठळक छापलेली असते. वरच्या घरातली पुढची खोली दोन फुटांनी लांब केली, तर तिथल्या बाईला त्या जिमपेक्षा जास्त उपयोग होईल असे मला वाटते, आणि उल्हासनगरच्या धोकादायक इमारतींचा पुनर्विकास होताना निदान एवढी मागणी तरी रहिवाशांनी लावून धरावी.