जुन्या जीपचा ‘सेल्फ’ का अडतो? बेंडिक्स स्टार्टरमधला दोष कसा ओळखायचा

भंडारा जिल्ह्यात जुन्या पेट्रोल जीप अजून काही घरांत टिकून आहेत. अशी गाडी सेल्फ घेईनाशी झाली, की बहुतेक वेळा ‘मोटर जळली’ असं ठरवून सेल्फ थेट नागपूरला रिवाइंडिंगला जातो. पण दोष अनेकदा वायरिंगमध्ये नसून यंत्रात असतो. तो आधी ओळखला, तर ६० किलोमीटरची फेरी आणि खर्च दोन्ही वाचतात.

हे काम कसं करतं?

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. त्याआधी हँडल मारावं लागे आणि उलटा झटका बसला तर हात मोडे. पुढे व्हिन्सेंट बेंडिक्सच्या नावाची सोपी रचना रूढ झाली. मोटरच्या शाफ्टवर आटे असतात आणि त्या आट्यांवर एक छोटा पिनियन सैल बसवलेला असतो. मोटर झटक्यात फिरते, पण पिनियन जडत्वामुळे मागे राहतो. त्यामुळे तो आट्यांवरून सरकत फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये अडकतो. इंजिन सुरू झालं, की फ्लायव्हील त्याला जास्त वेगाने फिरवून परत ढकलतं.

आधी हेडलाइट टेस्ट

हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा.

- प्रकाश तसाच, आवाज नाही: करंट पोहोचत नाही. स्विच, केबल, कार्बन तपासा.
- प्रकाश एकदम मंद, सेल्फ गप्प: बॅटरी कमजोर, टर्मिनल सैल, नाहीतर पिनियन रिंगमध्ये अडकलाय. इग्निशन बंद करा, टॉप गिअर टाका आणि गाडी मागे-पुढे हलवा. ‘टक’ आवाज होऊन नंतर सेल्फ चालला, तर पिनियनच अडकला होता.

आवाजावरून निदान

- मोटर ‘घुंई’ करत फिरते, इंजिन हलत नाही: पिनियन आट्यांवर चिकटलाय किंवा बेंडिक्सची स्प्रिंग तुटलीय. धानाच्या बांधीतला चिखल, क्लचची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून आटे जाम होतात. रॉकेलने धुवा आणि सुकवा. ग्रीस लावू नका, त्यावर धूळ पुन्हा बसते.
- ‘खर्रर्र’ आवाज: पिनियनचे किंवा रिंगचे दात झिजलेत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण त्याच दोन जागी थांबतं, म्हणून रिंग तिथेच जास्त झिजते. हँडलने इंजिन थोडं फिरवून सेल्फ मारा. आता नीट घेतला, तर दोष रिंगचा आहे. माउंटिंगचे बोल्टही सैल नाहीत ना, ते बघा.
- सेल्फ रडत-रडत फिरतो: बॅटरी चांगली असेल तर बुश बघा. बुश झिजलं, की आर्मेचर आतल्या पोल शूला घासतं. शाफ्ट हाताने आडवा हलतो का आणि आर्मेचरवर घासल्याच्या रेषा आहेत का, ते तपासा.

काढण्यापूर्वी

गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, इग्निशन बंद करा आणि हँडलने इंजिन फिरवून बघा. इंजिनच जड असेल, तर बिचाऱ्या सेल्फचा दोष नाही. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. सेल्फ खोलण्याआधी बॅटरीची अर्थ केबल काढा.

६ व्होल्टची जुनी जीप कुणी १२ व्होल्टवर नेली असेल, तर सेल्फही बदललाय का ते विचारा. जुनाच असेल तर पिनियन रिंगवर जोरात आदळतो. मग नवी स्प्रिंगही फार दिवस टिकत नाही.

थोडक्यात, हे डिबगिंगसारखंच आहे: एका वेळी एकच भाग तपासा, मगच पाना उचला.