बडोद्याचा विषप्रयोग खटला : बचावाची बाजू

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांचा विषय निघाला की आम्हांला शब्द पुरत नाहीत. शाळा, ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण, कलाभवन असे एकेक स्मरत जाते आणि बोलणे लांबते. त्यांच्या आधी गादीवर असलेल्या मल्हाररावांचा विषय मात्र ‘साहेबाला विष घालणारा राजा’ एवढ्या एका वाक्यात आटोपतो. मल्हाररावांची कारकीर्द चांगली होती असे सिद्ध करण्याचा आमचा मानस नाही. परंतु ज्या आरोपाने त्यांचे नाव आजवर डागाळलेले आहे, तो आरोप कधी सिद्धच झाला नाही. आणि तो का सिद्ध झाला नाही, हे पाहू गेल्यास बचावाच्या वकिलाचे काम काय असते याचा एक मोठा धडा मिळतो.

खंडेराव महाराजांच्या मृत्यूनंतर १८७० मध्ये मल्हारराव गादीवर आले. त्यापूर्वी भावाविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून त्यांनी पाद्र्यास कैद भोगली होती. राज्यकारभाराविषयी तक्रारी इतक्या वाढल्या की १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेले कर्नल रॉबर्ट फेयर आणि महाराज यांचे पहिल्यापासूनच बिनसले. पुढे दादाभाई नौरोजी दिवाण झाले. पण त्यांच्यासारख्या पुरुषालाही या दोघांच्या कात्रीत काम करणे अशक्य झाले. २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांस खलिता पाठवून फेयर यांस बदलावे अशी विनंती केली.

पुढे सातच दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, सकाळचा फेरफटका आटोपून आलेल्या फेयर यांनी नेहमीप्रमाणे पपनसाचे सरबत घेतले. दोन-तीन घोटांनंतर त्यांना मळमळू लागले. उरलेले सरबत त्यांनी फेकून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी आणि मुंबईच्या रसायनतज्ज्ञांनी तो तपासला. त्यात सोमल आणि हिऱ्याची भुकटी आढळल्याचे त्यांनी सांगितले. फेयर यांच्या जागी सर लुई पेली आले, मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला लागले आणि जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली. त्या वेळच्या जाहीरनाम्याचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. महाराजांना आपल्यावरील गंभीर संशय दूर करण्याची संधी देण्यात येत आहे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर नव्हता. निर्दोष ठरण्याचा भार आरोपीवर होता.

चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन नेमले गेले. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष, आणि सर रिचर्ड मीड व फिलिप मेल्व्हिल हे दोन इंग्रज अधिकारी. एतद्देशीयांपैकी ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण राजा सर दिनकरराव राजवाडे. अध्यक्ष न्यायाधीश असले तरी हे कमिशन न्यायालय नव्हते. त्याने केवळ अहवाल द्यायचा आणि निर्णय सरकारने घ्यायचा. फिर्यादी सरकार, तपास सरकारचा आणि निकालही सरकारचाच, अशी ती रचना होती.

अशा ठिकाणी महाराजांचा बचाव करण्यास लंडनहून सार्जंट विल्यम बॅलंटाइन आले. टिचबोर्न खटल्यामुळे त्यांचे नाव गाजलेले होते. त्यांची फी दहा हजार गिनी होती असे सांगितले जाते. फीचा आकडा लोकांच्या तोंडी राहिला. पण त्यांनी केलेल्या उलटतपासणीला त्याहून अधिक मोल आहे.

सरकारी बाजू मुख्यतः दोन साक्षीदारांवर उभी होती. एक महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत आणि दुसरा रेसिडेन्सीचा हवालदार रावजी. दोघेही माफीच्या आश्वासनावर बोलत होते. दामोदरपंत कबुलीजबाब देण्यापूर्वी गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात कोंडलेले होते. जो माणूस सुटण्यासाठी बोलतो, तो खरे बोलतो की समोरच्याला हवे ते बोलतो, हा बॅलंटाइन यांचा साधा प्रश्न होता. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली ती तपास सुरू झाल्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि तीही पोलिसांच्याच हाताला. सोमल ज्या बोहऱ्याकडून आणला असे म्हणणे होते, त्याला साक्षीला उभेच केले नाही. शिवाय ज्या रेसिडेंटाला बदलावे म्हणून महाराजांनी आठवड्यापूर्वी रीतसर खलिता धाडला, त्यालाच विष घालून स्वतःवर संशय ओढवून घेण्याचे कारण काय?

या प्रश्नांनी महाराज निर्दोष ठरले असे नव्हे. बचावाचे ते कामही नसते. पुराव्याची साखळी कोठे तुटते हे दाखविणे एवढेच त्याचे काम. कमिशनचे मत समसमान विभागले. तिघा इंग्रज सभासदांनी महाराजांस दोषी मानले. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव या तिघांनी आरोप शाबीत झाला नाही असे मत दिले. ब्रिटिश सत्तेच्या मर्जीवर ज्यांची प्रतिष्ठा अवलंबून होती, त्या तिघांनी हे लिहून द्यावे, यात बचावाचे सामर्थ्य दिसते. ग्वाल्हेरकर वाचकांना या दोन नावांचा अभिमान वाटावा, असे आम्हांस वाटते.

तथापि शेवट ठरलेलाच होता. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने मल्हाररावांस पदच्युत केले, मात्र विषप्रयोगासाठी नव्हे. कमिशनच्या निष्कर्षावर हा निर्णय आधारलेला नाही, दुर्वर्तन आणि गैरकारभार हे त्याचे कारण आहे, असे सरकारने स्वतःच सांगितले. खटला एका आरोपाचा आणि शिक्षा दुसऱ्याच कारणासाठी! महाराजांना मद्रासेस नेण्यात आले आणि १८८२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. इकडे मे १८७५ मध्ये जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांस दत्तक घेतले. तेच आमचे सयाजीराव.

येथे आमच्यासारख्यांची खरी अडचण होते. ज्या राज्याने आमच्या पूर्वजांना नोकरी, विद्या आणि मान दिला, त्याचा आरंभ एका असिद्ध आरोपाच्या सावलीत झाला. फळ गोड निघाले म्हणून पेरणी न्याय्य होती असे म्हणता येत नाही. सयाजीरावांचे मोठेपण त्यांच्या कर्तृत्वावर उभे आहे. त्याला मल्हाररावांच्या बदनामीचा आधार देण्याची गरज नाही. गैरकारभार हा गैरकारभार म्हणून सांगावा, आणि विष घातले असे म्हणायचे असेल तर पुरावा दाखवावा.

मल्हाररावांकडे राजाची संपत्ती होती म्हणून लंडनचा वकील आला. रावजीसारख्या हवालदारावर तोच आरोप आला असता तर त्याच्या बाजूने कोण उभे राहिले असते? या प्रश्नाचे उत्तर द्यायला देशाला पुष्कळ काळ लागला. आपल्या संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा अधिकार दिला. १९७६ मध्ये घातलेल्या ३९-अ या अनुच्छेदाने गरिबाला विनामूल्य विधिसाहाय्य हे राज्याचे कर्तव्य मानले. त्यासाठी १९८७ मध्ये झालेला कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला आणि तो दिवस आता विधिसेवा दिन म्हणून पाळला जातो. बडोद्याच्या सरबताची तारीखही तीच, हा केवळ योगायोग. पण स्मरणाला सोयीचा.

तरीही एखादा भीषण गुन्हा घडला की ‘याचे वकीलपत्र कोणी घेऊ नये’ असे ठराव वकिलांच्या संघटनांकडून होतात. असे ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. त्या ठरावांमागचा संताप आम्हांस समजतो. परंतु बचावाचा वकील गुन्ह्याच्या बाजूने उभा नसतो. तो पुराव्याला प्रश्न विचारण्यासाठी उभा असतो. ते प्रश्न विचारले गेले नाहीत, तर शिक्षा झालेला माणूस खरोखर दोषी होता की केवळ नावडता होता, हे कोणालाच सांगता येत नाही. दीडशे वर्षांनंतर मल्हाररावांविषयी आम्हांस ‘शाबीत झाले नाही’ एवढे तरी निश्चितपणे म्हणता येते, ते कोणीतरी त्यांची बाजू मांडली म्हणूनच. घरात पुन्हा त्यांचा विषय निघाला, तर ते एक वाक्य आपण या दुरुस्तीसह सांगावे, एवढीच आमची विनंती.