आदरपूर्वक नकार : हंगेरीच्या इतिहासातील एक प्रकरण

हंगेरियन माणसाला काही देऊ केले आणि त्याला ते नको असले, तर तो 'क्योस्योन्योम, नेम केरेक' असे म्हणतो. 'आभारी आहे, मी मागत नाही,' हा त्याचा शब्दशः अर्थ. देणाऱ्याचा मान राहतो आणि न घेणाऱ्याचा निश्चयही राहतो. ही झाली घरगुती रीत. परंतु याच रीतीने हंगेरीने एका सम्राटाला अठरा वर्षे नकार दिला. ती हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

१५२६ च्या मोहाचच्या लढाईनंतर हंगेरीचा मुकुट हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला. राजा व्हिएन्नास राही. कारभार मात्र तेथील जिल्ह्यांच्या सभांच्या हाती असे. कायद्याविरुद्ध हुकूम आला, तर या सभा बंड करीत नसत. हुकूम सभेत वाचला जाई आणि 'आदराने बाजूला ठेवण्यात आला' असा शेरा मारून दप्तरात बंद होई. राजाकडे एक नम्र निवेदनही जाई. हुकूम नाकारला असे कोणी म्हणत नसे. तो अंमलात येत नसे, एवढेच. १८२१ व १८२२ साली सम्राट फ्रान्सिसने लोकसभेला न विचारता सैनिक आणि वाढीव कर मागितले, तेव्हा कित्येक जिल्ह्यांनी हेच केले. अखेर १८२५ साली राजाला लोकसभा बोलवावी लागली.

१८४८ साली या देशाने स्वतःचे जबाबदार मंत्रिमंडळ मिळविले. पुढे युद्ध पेटले, रशियाचे सैन्य व्हिएन्नाच्या मदतीला आले आणि १३ ऑगस्ट १८४९ रोजी विलागोश येथे हंगेरियन सेनेने शस्त्रे ठेवली. ६ ऑक्टोबरला आराद येथे तेरा सेनानींना देहान्त शिक्षा झाली. त्याच दिवशी माजी पंतप्रधान बाच्यानी यांना पेश्त शहरात गोळ्या घातल्या गेल्या. आता तलवारीने 'नाही' म्हणण्याची शक्ती उरली नव्हती. मग कसे म्हणावयाचे?

याचे उत्तर देआक फेरेन्त्स यांनी दिले. ते १८४८ च्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री होते. १८५० साली ऑस्ट्रियाचे न्यायमंत्री श्मर्लिंग यांनी त्यांना कायद्यासंबंधीच्या सल्लामसलतीसाठी व्हिएन्नास बोलाविले. देआक यांनी चार ओळींचे पत्र लिहिले. नुकत्याच घडलेल्या दुःखद घटनांनंतर आणि अद्याप चालू असलेल्या परिस्थितीत सार्वजनिक कामात भाग घेणे आपणांस शक्य नाही, एवढाच त्याचा आशय. त्यात शिवी नाही, आरोप नाही, धमकी नाही. परंतु फट म्हणून कोठे नाही! पत्राच्या नकला हातोहात पसरल्या आणि शेकडो सुशिक्षितांनी सरकारी नोकरीचे निमंत्रण त्याच सुरात परत केले. १८५७ साली तरुण सम्राट फ्रान्सिस योसेफ हंगेरीत आले, तेव्हा स्वागतपर कविता रचण्याची विनंती कवी आरान्य यानोश यांना झाली. त्यांनी प्रकृतीचे कारण सांगितले. त्यांच्या मनात काय होते ते वेल्समधील भाटांवर त्यांनी रचलेल्या प्रसिद्ध पोवाड्यावरून पुढे जगाला कळले.

या प्रकरणाचा कळस १८६१ साली झाला. फेब्रुवारीत सम्राटाने नवी घटना जाहीर केली आणि हंगेरीने व्हिएन्नाच्या पार्लमेंटात प्रतिनिधी पाठवावेत असे सुचविले. पेश्तला लोकसभा भरली. हे मान्य करावयाचे नाही, याबद्दल सर्वांचे एकमत होते. वाद होता तो नकार कोणत्या शब्दांत द्यावा याचा. हंगेरियन भाषेत राजाला पाठवावयाच्या लेखाला 'फेलिरात' म्हणतात, म्हणजे 'वर लिहिलेले'. राजाकडून येणारे ते 'लेइरात', म्हणजे 'खाली लिहिलेले'. तेलेकी लास्लो यांच्या पक्षाचे म्हणणे असे की, ज्याला विधिपूर्वक मुकुट घातलेला नाही त्याला वर लिहावयाचे कशासाठी? सभेने केवळ ठराव करावा. देआक म्हणत, निवेदनच पाठवावे. बोलणे तुटू देऊ नये. ८ मे रोजी, चर्चा ऐन भरात असताना, तेलेकींनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ५ जूनला मतदान झाले. निवेदनाच्या बाजूने १५५, ठरावाच्या बाजूने १५२! विरोधकांनी मायन्यातील सम्राटाची पदवी कमी करून घेतली, म्हणून व्हिएन्नाने निवेदन परत धाडले. देआकांचा मूळ मायना पुन्हा घालण्यात आला. आतील नकार मात्र जेथल्या तेथे राहिला. दुसरे निवेदन गेल्यावर ऑगस्टमध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि लष्कर पाठवून करवसुली सुरू झाली.

सौजन्य म्हणजे भ्याडपणा, असे तेव्हाही पुष्कळांना वाटले. परंतु पुढचा इतिहास पाहावा. १६ एप्रिल १८६५ रोजी, ईस्टरच्या दिवशी, 'पेश्ती नाप्लो' या पत्रात देआकांचा निनावी लेख आला. तडजोडीचे दार त्याने उघडले. पुढल्याच वर्षी प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला. आता अधिक मागा, असे सांगणारे पुष्कळ निघाले. पराभवापूर्वी जे मागितले तेच देआकांनी नंतरही मागितले. १८६७ साली हंगेरीला स्वतःचे मंत्रिमंडळ व लोकसभा परत मिळाली. देआकांनी स्वतः मंत्रिपद घेतले नाही, मानमरातबही घेतले नाहीत.

येथेच थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. परदेशात असलेल्या कोशुत यांनी १८६७ साली उघड पत्र लिहून देआकांना बजाविले की, या तडजोडीने हंगेरी परक्याच्या दैवाशी बांधली जात आहे. १९१८ साली ते खरे ठरले. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. १८६१ च्या त्याच जून महिन्यात स्लोवाक लोकांनी मार्टिन येथे जमून, आपल्या भाषेला हक्क आणि आपल्याला वेगळा प्रदेश मिळावा, असे निवेदन पेश्तच्या लोकसभेकडे धाडले. तेही 'वर लिहिलेले'च होते. त्यांच्या पदरी काही पडले नाही. उलट १८६३ साली त्यांनी स्थापिलेली 'मातित्सा स्लोवेन्स्का' ही संस्था हंगेरियन सरकारने १८७५ साली बंद केली.

आर्थर ग्रिफिथ यांनी १९०४ साली हंगेरीची ही कथा लिहून आयरिश लोकांपुढे ठेवली, आणि त्यातून शिन फेन चळवळीला दिशा मिळाली. हा धडा घेण्याजोगा आहेच. नकार शांतपणे देता येतो, वर्षानुवर्षे टिकविता येतो आणि शेवटी बोलणेही सुरू ठेवता येते. मात्र खालून आपल्याकडे आलेले निवेदन वाचण्याची पाळी आली, तेव्हा तेच राष्ट्र चुकले, हेही श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, असे आम्हांस वाटते.