तासन् तास वाचूनही पेपरात का आठवत नाही? पाठांतरामागचं मानसशास्त्र

"पोरगं रात्री उशिरापर्यंत वाचतं, पण पेपरात काहीच आठवत नाही," ही तक्रार गावोगावी ऐकायला मिळते. मग पोराला 'ढ' ठरवून घरचे मोकळे होतात. पण अनेकदा दोष डोक्याचा नसतो, अभ्यासाच्या पद्धतीचा असतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी स्मरणशक्तीचे प्रयोग स्वतःवरच केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. अर्थ नसलेले शब्द पाठ करायचे आणि काही वेळाने तेच पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचली ते मोजायचं, अशी त्यांची रीत होती. २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के मेहनत वाचली, एका दिवसाने ३४ टक्के, तर महिन्याने २१ टक्के. म्हणजे सगळ्यात जास्त विसर पहिल्याच दिवशी पडतो. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळांतच साधलं.

वाचणं वेगळं, आठवणं वेगळं

अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग तर प्रत्येक पालकाला माहीत हवा. एका गटाने उतारा चार सत्रांत फक्त वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती!

कारण साधं आहे. तेच पान पुन्हा वाचलं की ते ओळखीचं वाटतं आणि 'येतंय' असा भास होतो. बाजारात चेहरा ओळखीचा वाटतो, नाव काही केल्या आठवत नाही, तसंच हे.

पाढ्यांचंही असंच. सुरात म्हणताना एक ओळ पुढची ओळ ओढून आणते. मध्येच "सात नव्वे किती?" विचारलं की पोरगं अडतं. म्हणून पाढे उलटसुलट विचारावेत.

शाळा न शिकलेली आईसुद्धा अभ्यास घेऊ शकते

पुस्तक मिटायला लावून "आज काय शिकवलं, मला सांग" एवढंच म्हणायचं. मूल अडलं तर लगेच ओरडू नये, थोडं थांबावं. आठवायची धडपड हाच खरा अभ्यास आहे. नंतर मात्र त्याला पुस्तक उघडून ताडून बघायला सांगावं, नाहीतर चुकीचंच पक्कं होतं. त्याच दिवशी एकदा, दोन दिवसांनी एकदा, मग आठवड्याने एकदा, असं विचारलं तर परीक्षेच्या आदल्या रात्रीची जागरणं कमी होतील.

गुरुजींनाही तासाच्या सुरुवातीला कालच्या धड्यावर दोन-तीन प्रश्न पाटीवर सोडवून घेता येतात. त्याला मार्क नकोत. मार्क आले की भीती येते आणि मुलं एकमेकांचं बघून लिहितात.

मात्र जे समजलंच नाही ते अशाने समजणार नाही. मूल दोन वाक्यांपुढे सांगूच शकत नसेल, तर धडा डोक्यावरून गेलाय असं धरावं आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना तो पुन्हा समजावून द्यायला सांगावं.