दार उघडणाऱ्यांचा इतिहास



लढाया आणि तह यांच्या तारखा आपण शाळेत पाठ करतो. परंतु जुलूम सोसून घराबाहेर पडलेल्या स्त्रीला दार कोणी उघडले, याचाही एक इतिहास आहे. तो आपल्या मुलामुलींना ठाऊक असावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

इ. स. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी उच्चवर्णीय विधवेला रूढीने पुनर्विवाहाची बंदी होती. एखाद्या पुरुषाने तिला फसवले, तर पाप त्याचे आणि शिक्षा मात्र तिला! जीव देणे किंवा मूल मारणे, एवढेच मार्ग तिच्यापुढे उरत. अशा स्त्रीने येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नाहीतर येथेच ठेवावे, असे फुले दांपत्याने जाहीर केले. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. गुप्तता राखणे आणि आलेल्या स्त्रीला दोष न देणे, हा धडा या घराने घालून दिला.

आता आपल्या समाजाकडे वळू. जुलमी नवऱ्यापासून सुटका मागणाऱ्या मुस्लिम स्त्रीला ब्रिटिश अमदानीतील कोर्टात दाद मिळणे फार कठीण होते. १९३९ साली मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा वरचेवर मारहाण करीत असेल किंवा क्रूर वागणुकीने जिणे असह्य करीत असेल, तर निकाह रद्द करण्याचा अर्ज पत्नी कोर्टात करू शकते. सुशिक्षित घरांतूनही ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे?

पण नुसता कायदा पुरत नाही. रडत आलेल्या बाईचे शांतपणे ऐकून घेणारे माणूस लागते. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तक्रार ऐकून घेई. पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. मारामुळे झालेल्या जखमा ‘पडले’ म्हणून सांगणाऱ्या बाईची तेथे मायेने चौकशी होऊ लागली.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, मुलगी यांनाही त्याचे संरक्षण आहे. राहत्या घरातून स्त्रीला बेकायदा हाकलता येत नाही. मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्यानुसार पोलिसांनी मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाचे नाव छापणे हा गुन्हा आहे.

पालकहो, शिक्षक म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. वर्गात हसतखेळत असणारी मुलगी एकाएकी अबोल होते, तेव्हा आपण ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारून मोकळे होतो. हा दोष माझ्याही हातून घडला आहे. मारझोड सोसून माहेरी आलेल्या लेकीला चार वडीलधारी माणसे बसवून, ‘सबर कर, घरची गोष्ट घरात ठेव’ असे समजावून परत पाठवतात. हेतू चांगला असेल. पण ज्या घरात तिचा जीव धोक्यात आहे, तेथे तिला पाठवणे म्हणजे इज्जत राखणे नव्हे.

मुलगी किंवा मुलगा काही सांगू लागला, तर आधी विश्वास ठेवा. ‘तूच काहीतरी केले असशील’ असे म्हणू नका. विद्यार्थी मित्रांनो, तीन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२.

१८६३ साली एका घराने दार उघडले होते. आपल्या मोहल्ल्यात असे एक तरी दार असावे, आणि ते आपले असावे.